पाळकांची प्रश्नपेटी : उपदेशाची वही, ऊसतोडीला गेलेली मंडळी आणि नदीतला बाप्तिस्मा

या वेळचे प्रश्न खान्देशातल्या लहान बाप्टिस्ट मंडळ्यांकडून (ख्रिस्ती सभासदांच्या स्थानिक समूहांकडून) आले आहेत. वीस-पंचवीस घरांची मंडळी, पाळक (मंडळीचा धर्मसेवक) एकटा, आणि तोही बहुतेक ठिकाणी नोकरी किंवा शेती सांभाळून सेवा करणारा. त्याच्या हाताशी जेवढा वेळ आणि पैसा असतो, तेवढ्यात बसेल असंच सांगितलं आहे.

प्रश्न (अमळनेर तालुका) : मी शाळेत शिक्षक आहे आणि दर रविवारी उपदेशही मीच करतो. तयारीला शनिवारी रात्री बसतो. उपदेश सव्वा तासावर जातो, आणि नंतर विचारलं तर कुणाला त्यातलं एक वाक्य सांगता येत नाही. काय करावं?

उत्तर : सव्वा तास लागतो तो बहुधा तयारी अपुरी राहिल्यामुळे. नेमकं काय सांगायचं हे ठरलेलं नसलं की उपदेशक बोलता बोलता ते शोधत राहतो आणि मंडळीलाही सोबत फिरवतो. यावर उपाय म्हणजे तयारी शनिवारवरून सोमवारवर आणणं.

पण त्याआधी एक गोष्ट. दर आठवड्याला नवं वचन शोधणं बंद करा. बायबलमधलं एक पुस्तक घ्या आणि ओळीने पुढे जा. वचन कोणतं घ्यावं या विचारात जाणारे दोन दिवस वाचतात. सुरुवातीला फिलिप्पैकरांस पत्र चांगलं : 4 अध्याय, 104 वचनं, 10 ते 12 रविवारांत पूर्ण होतं. कथा हवी असेल तर रूथ किंवा योना घ्या. दोन्हींचे चार-चार अध्याय, चार-चार रविवार. रोमकरांस पत्र मात्र पहिल्यांदा घेऊ नका. तिसऱ्या अध्यायापर्यंत उपदेशक आणि मंडळी दोघेही दमतात. ओळीने जाण्यात आणखी एक सोय आहे. पैशाचा किंवा भांडणाचा भाग आला की “आज आमच्यावर बोलले” असं कुणाला म्हणता येत नाही, कारण मागच्या रविवारनंतरचा भाग तोच होता.

पत्रातला उतारा 8 ते 12 वचनांचा पुरतो. कथा असेल तर प्रसंग अख्खा घ्या, मध्ये तोडू नका.

आता आठवडा. सोमवारी रात्री उतारा वहीत हाताने उतरवा, प्रत्येक वचनाखाली दोन ओळी रिकाम्या सोडून. पाऊण तास लागतो. क्रियापदांखाली रेघ मारा आणि “म्हणून”, “कारण”, “परंतु”, “तर” हे शब्द गोल करा. बहुतेक चुकीचे उपदेश हे शब्द न बघितल्यामुळे होतात. मंगळवारी उताऱ्याच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय मोठ्याने वाचा. बुधवारी स्वतःला दोनच प्रश्न विचारा : हा उतारा काय सांगतो, आणि ते ज्यांना लिहिलं त्यांना का सांगावं लागलं? दोन्ही उत्तरं मिळून एक वाक्य तयार करा. ते वाक्य बारावीतल्या मुलाला एका दमात म्हणता येत नसेल तर ते अजून तयार झालेलं नाही.

उदाहरण घेऊ. फिलिप्पैकरांस 4:6, “कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.” हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, आणि त्यावरचा उपदेश साधारण असा होतो : काळजी करू नका, प्रार्थना करा, देव देईल. वहीत अख्खा उतारा उतरवला की वेगळंच दिसतं. चार वचनं आधी युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींचं पटत नाहीये. त्यांना एकचित्त व्हायला सांगून, इतरांना त्यांची मदत करायला सांगून मग पत्र लिहिणारा पौल चिंतेकडे येतो. आणि लगेच आधीचे शब्द आहेत, “प्रभू समीप आहे.” चिंता सोडायला सांगितली ती त्या आधारावर. पुढे सातव्या वचनात मागितलेली वस्तू मिळेल असं म्हटलेलंच नाही. देवाची शांती अंतःकरणाचं रक्षण करील, असं म्हटलं आहे.

हा फरक साधा नाही. समोर बसलेल्या माणसाच्या कपाशीवर बोंडअळी पडली आहे, सोसायटीचं कर्ज थकलं आहे. “देव देईल” म्हणून त्याला घरी पाठवलं आणि भाव पडला, तर तो प्रार्थना करणं सोडतो किंवा आपल्या विश्वासातच खोट आहे असं धरून बसतो. वचनाने न दिलेलं अभिवचन उपदेशकाने दिलं, आणि त्याची किंमत त्या माणसाने भरली. या रविवारचं एक वाक्य मग असं होईल : “प्रभू जवळ आहे, म्हणून मागणी त्याच्यापुढे ठेवा, पीक जाईल की राहील, मनावर पहारा त्याचा आहे.” भांडणाचा भागही गाळू नका. लहान मंडळीत चिंतेचं मूळ पुष्कळदा शेजारच्या सतरंजीवर बसलेलं असतं.

गुरुवारी घरभेटींना जा आणि ते वाक्य डोक्यात ठेवून ऐका. काल ज्या घरात दवाखान्याचं बिल ऐकलं, त्या घराला हा उतारा काय म्हणेल? लागूकरण इथून येतं, दुसऱ्याच्या यूट्यूबवरच्या संदेशातून नाही. कुणाच्या घरातली गोष्ट मात्र नाव बदलूनही व्यासपीठावर आणायची नाही. वीस घरांत नाव बदलून काहीही लपत नाही.

शुक्रवारी मांडणी करा. पहिली दोन मिनिटं आणि शेवटची तीन मिनिटं शब्दन् शब्द लिहून काढा, कारण भरकटणं या दोन जागी होतं. मधला भाग दोन पानांच्या टिपणावर ठेवा. शनिवारी घड्याळ लावून मोठ्याने एकदा म्हणा. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द जातात, म्हणजे 30 ते 35 मिनिटांत साडेतीन हजारांपेक्षा जास्त बसत नाहीत. त्यापुढे गेलं तर एक अख्खा मुद्दा काढा. सगळे मुद्दे थोडे थोडे कापू नका. सगळं मिळून आठ-नऊ तास होतात आणि ते पाच दिवसांत विभागलेले असल्यामुळे शाळा सांभाळून जमतात.

दोन सवयी सोडा. एक, दहा-बारा ठिकाणची वचनं उघडायला लावणं. आजीला हबक्कूक सापडेपर्यंत तुम्ही तीताच्या पत्रापाशी पोचलेले असता. मुख्य उताऱ्याबाहेरची दोनच वचनं उघडा आणि पान सापडेपर्यंत थांबा. दुसरी, “शेवटी एकच सांगतो” हे तीनदा म्हणणं. लिहिलेला शेवट आला की बसा.

प्रश्न (यावल तालुका) : घरभेटीला गेलं की चहापाण्यात दोन तास जातात, आणि महिन्यात चारच घरं होतात.

उत्तर : एका घरी 25 मिनिटं पुरेत. विचारपूस, 4 ते 6 वचनांचं वाचन, त्यावर दोन वाक्यं, त्या घरच्या नेमक्या गरजेसाठी प्रार्थना, आणि उठायचं. रविवारचा उपदेश तिथे पुन्हा करायचा नाही. चहा शेवटच्या घरी घेऊ असं आधीच सांगितलं तर कुणी मनाला लावून घेत नाही. आठवड्याला 4 घरं धरली तर 24 कुटुंबांची फेरी सहा आठवड्यांत होते. वहीत तारीख, कोण घरी होतं आणि कशासाठी प्रार्थना केली एवढंच टिपा, पुढच्या खेपेला “मुलाच्या भरतीचं काय झालं?” असं विचारलं की घर उघडतं. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसा जाऊ नका, घरात कुणी नसतं, दिवेलागणीनंतर जा. बहीण एकटी असेल तर पत्नीला किंवा मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाईंना सोबत घ्या, नाहीतर ओट्यावरूनच प्रार्थना करून निघा. इस्पितळात मात्र पाच-सात मिनिटंच, उभ्याने. खाटेवर बसायचं नाही, आणि डॉक्टरने काय सांगितलं यावर आपलं मत द्यायचं नाही.

प्रश्न (नवापूर तालुका) : दिवाळीनंतर आमची निम्म्याहून जास्त मंडळी बारडोलीकडे ऊसतोडीला जाते आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास परतते. सभासद सभेला कोरम होत नाही. काही जण म्हणतात, सहा महिने न येणाऱ्यांची नावं यादीतून काढा. योग्य काय?

उत्तर : नावं काढू नका. उपासना टाळणारा आणि पोटासाठी गेलेला, हे दोघे एका रकान्यात बसत नाहीत. मत्तय 18:15-17 मधली पायरीपायरीची शिस्त पापात अडून राहिलेल्या भावासाठी आहे, मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडायला गेलेल्यासाठी नाही. उलट ही माणसं गावाबाहेर असतानाच मंडळीची जबाबदारी वाढते.

कोरमचं उत्तर तारखेत आहे. बाप्टिस्ट मंडळीत पाळक नेमणं, डीकन (मंडळीचा कारभार पाहणारे सेवक) निवडणं, हिशेब मंजूर करणं हे सभासदांनी मिळून करायचं असतं. त्यामुळे निम्मे लोक नसताना असा ठराव करणं म्हणजे त्यांचा वाटा काढून घेणं. वार्षिक सभा आखाजीनंतर आणि पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत ठेवा. हिवाळ्यात दुरुस्तीसारखा तातडीचा खर्च निघाला तर तो किती रकमेपर्यंत डीकनांनी करायचा, हे त्याच सभेत आकड्यासह ठरवून कार्यवृत्तात लिहा.

निघण्याआधीच्या रविवारी उपासना संपल्यावर अर्धा तास थांबवून यादी करा : कुटुंब, मुकादम कोण, कोणता कारखाना, मुक्काम कोणत्या गावाजवळ, फोन, आणि मागे घरी कोण राहतंय. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. मागे आजी-आजोबा आणि शाळेतली मुलं राहतात. अशी तीन-तीन घरं एकेका डीकनकडे नावानिशी सोपवा. “सगळ्यांनी लक्ष ठेवा” असं म्हटलं की कुणीच ठेवत नाही.

प्रत्येक टोळीत वाचता येणारा एक भाऊ किंवा बहीण नेमा. त्यांना मेमरी कार्डवर दहा-दहा मिनिटांचे उपदेश आणि गीतं भरून द्या; पडावावर (टोळीच्या मुक्कामावर) नेटचा भरवसा नसतो. तोड पहाटे सुरू होते आणि गाडी भरायला रात्रही होते, त्यामुळे तिथे ठरावीक रविवार नसतो. ज्या संध्याकाळी टोळी मोकळी असेल तीच सभा, 25 मिनिटांची : एक गीत, एक उतारा, प्रार्थना. जानेवारीच्या आसपास पाळकाने एका डीकनसह एक फेरी मारावी. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) द्यायचं तर तिथले सभासद एकत्र बसवून, वचन सांगून द्या. भाकर डब्यात घालून कुणाच्या हाती पाठवू नका. ते मंडळीने मिळून करायचं आहे. आणि या फेरीत अर्पण गोळा करायचं नाही. लोक तिथे आधीच घेतलेल्या उचलीवर राबत असतात.

उपदेशाचा क्रमही याला जुळवून लावा. मोठं पुस्तक जूनमध्ये सुरू करा, दिवाळीपर्यंत संपवा. हिवाळ्यात समोर म्हातारी माणसं आणि मुलं असतात. तेव्हा नाताळ सोडून स्तोत्र 120 ते 134 ही पंधरा आरोहणस्तोत्रं घ्या. छोटी आहेत, आणि वाटेवरच्या माणसांची आहेत. हीच गीतं आणि हेच उतारे टोळीकडच्या कार्डवर असले की गाव आणि पडाव एकाच आठवड्यात एकच वचन ऐकतात.

प्रश्न (शहादा तालुका) : आम्ही तापीत, पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतो. मागच्या वेळी एक भाऊ चिखलात घसरले आणि पाळकही पडता पडता वाचले. मंडळीत एक जाडजूड, गुडघे दुखणाऱ्या आजी तयार आहेत. हौद बांधावा का?

उत्तर : नदी चालेल, पण जागा आदल्या दिवशी पाहा. तापीकाठची काळी माती ओली झाली की पाय टिकत नाही. वाळू किंवा मुरूम असलेला उतार शोधा आणि काठीने तळ चाचपा. पाणी उमेदवाराच्या कमरेपर्यंत हवं. गुडघाभर पाण्यात माणूस आपटतो, छातीभर पाण्यात तो तरंगतो आणि पाळकाचा तोल जातो. सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजमुळे पाण्याची पातळी बदलते, वर हतनूर धरणातून पाणी सोडलं की आणखी चढते. पावसाळ्यात नदीत उतरूच नका, आणि इतर वेळीही त्या दिवशीची चौकशी करूनच जा.

उभं राहायची रीत अशी. उमेदवाराने दोन्ही हात छातीशी घेऊन एका हाताने नाक धरावं. पाळकाने बाजूला, पाय फाकवून उभं राहावं. एक हात उमेदवाराच्या दोन खांद्यांच्या मध्ये, दुसरा त्याच्या मनगटांवर. वाहत्या पाण्यात उमेदवाराचं डोकं प्रवाहाच्या वरच्या बाजूला जाईल असं निजवा. तसं केलं की पाणी नाकात शिरत नाही आणि वर उठवताना प्रवाहच पाठीला रेटा देतो. उलट केलं तर दोन्ही गोष्टी विरुद्ध होतात, आणि बहुतेक फजिती इथेच होते. उमेदवाराला आधीच सांगा : गुडघे वाकव, पाय तळाला टेकलेले ठेव, मान ताठ करू नको. शनिवारी मंडळीत कोरड्यातच दोनदा सराव करून घ्या.

आजींसाठी प्लास्टिकचं स्टूल पाण्यात ठेवा, त्याला दगडाने भरलेली पिशवी बांधा म्हणजे तरंगणार नाही. त्या बसल्या की पाणी छातीपर्यंत येईल अशा जागी ठेवा. मग मागे थोडंच टेकवावं लागतं. दुसऱ्या बाजूला एक डीकन उभा करा. बहिणींनी साडीऐवजी गडद रंगाचा सलवार-कमीज घालावा. साडी पाण्यात फुगते आणि पायात गुंतते. काठावर चादरींचा आडोसा, कोरडे कपडे आणि दोन पट्टीचे पोहणारे, एवढं नसेल तर त्या दिवशी थांबा.

हौद बांधायचा तर पायऱ्या सोडून आत 7 फूट लांबी, साडेतीन फूट रुंदी, 4 फूट खोली ठेवा आणि पाणी 3 फूट भरा. पायऱ्यांवरचं धरून सुमारे अडीच हजार लिटर लागतं. पायऱ्या 8 इंच उंचीच्या ठेवा, एका बाजूला कठडा, तळाला खडबडीत फरशी आणि दोन इंची निचरा नळ. निचरा नळ ठेवला नाही तर बादल्यांनी उपसावं लागतं, आणि हौद वर्षभर डासांचा होतो. वर्षाला दोन-तीन बाप्तिस्म्यांसाठी तो खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही. तेवढा वेळ आधीच्या सहा-आठ शिकवणीच्या बैठकांना आणि मंडळीसमोरच्या साक्षीला द्या. घाई तिथेच होते, आणि पाण्यातून वर आलेला माणूस वर्षभरात दिसेनासा होतो त्याचं कारणही बहुतेक तिथेच असतं.

प्रश्न (धडगाव तालुका) : मला पावरी बोली येत नाही. दुभाषी घेऊन उपदेश करतो, पण लोक कंटाळतात.

उत्तर : दुभाष्यामुळे वेळ दुप्पट होतो, म्हणून मजकूर निम्मा करा : 18 मिनिटांचा उपदेश, म्हणजे एकूण 35-36 मिनिटं. दुभाष्याला उतारा आणि तुमचं ते एक वाक्य गुरुवारीच द्या. व्यासपीठावर पहिल्यांदा ऐकलं तर तो अंदाजाने बोलतो, आणि काय बदललं हे तुम्हाला कळतही नाही. वाक्य लहान ठेवा, पण अर्थ पुरा करूनच थांबा. “जो कोणी विश्वास ठेवतो तो…” इथे थांबलात तर दुभाषी लटकतो. कोट्या आणि म्हणी टाळा. उपदेशानंतर दुभाष्यालाच नाही, दुसऱ्याच कुणा आजोबांना विचारा, आज काय ऐकलं? त्यांचं उत्तर हीच तुमची परीक्षा.

पण दुभाषी ही सोय दोन वर्षांपुरतीच धरा. मिशनरी विल्यम कॅरी बाप्टिस्टच होते; बंगालात राहून मराठी पंडितांच्या मदतीने ते मराठी शिकले आणि 1805 साली त्यांचं मराठी व्याकरण छापून निघालं. तुम्ही तर त्या भाषेच्या गावातच राहता. सुरुवात प्रार्थनेपासून करा, मग वाचन, मग शेवटची तीन मिनिटं. हीच गोष्ट अहिराणी बोलणाऱ्या गावांनाही लागू आहे : उतारा मराठी पवित्र शास्त्रातून वाचा, पण समजावून सांगताना घरात बोलता तसं बोला. कारभारणीला स्वयंपाकघरात जाऊन सांगता येत नाही तो उपदेश अजून पोचायचा आहे.

प्रश्न (चाळीसगाव) : अर्पणाच्या हिशेबावरून कुजबुज होते.

उत्तर : पाळकाने पैशाला हात लावू नये, मोजायलाही नाही. उपासना संपताच, नात्यात नसलेल्या दोघांनी मंडळीतच बसून मोजावं, रक्कम वहीत आकड्यांत आणि अक्षरांत लिहावी, दोघांनी सही करावी, आणि सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरावी. त्यातून आधी खर्च भागवून उरलेली भरायची नाही. पावतीचा आकडा आणि वहीचा आकडा एकच असला की कुजबुज आपोआप थांबते. महिन्याचा जमाखर्च भिंतीवर लावा. विश्वस्त संस्था म्हणून नोंदणी असेल तर दरवर्षी ऑडिट लागतं, आणि विश्वस्त बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. हा अर्ज राहून जातो, जुन्याच विश्वस्तांची नावं कागदावर राहतात, आणि पुढे जागेचा वाद निघाला की मंडळीकडे बोलायला अधिकृत माणूसच नसतो.

प्रश्न (भुसावळ) : मंडळीने मला नुकतंच पाळक म्हणून नेमलं. मी लग्न लावू शकतो का?

उत्तर : मंडळीने नेमलं एवढ्याने नाही. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली विवाह लावण्याचा परवाना तुमच्या नावावर हवा. तो मिळेपर्यंत परवाना असलेल्या पाळकांना बोलवा आणि उपदेश तुम्ही करा. परवाना आल्यावरही लेखी सूचना, ती उपासनागृहात लावणं, दोन साक्षीदार, आणि सकाळी 6 ते संध्याकाळी 7 ही वेळ पाळा. खान्देशात वरात उशिरा येते. घरच्यांना पत्रिका छापण्याआधीच वेळ सांगून ठेवा.